गाडीचा एसी गार करत नाही? गॅस भरण्याआधी हे तपासा

एप्रिलच्या दुपारी हिंजवडीच्या रांगेत अडकलेलो असताना एसीतून कोमट वारा यायला लागला, की पहिला विचार येतो तो गॅस भरून घेण्याचा. जरा थांबा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं. मी एका उन्हाळ्यात दोनदा गॅस भरला. दोष निघाला पंख्याच्या जळलेल्या रिलेत, म्हणजे त्याला वीज जोडणाऱ्या स्विचमध्ये.

आधी त्रास नेमका कधी होतो ते पाहा. निम्मं निदान इथेच होतं. सिग्नलला गरम, पण कात्रज बायपासला वेग घेतला की गार? मग संशय बॉनेटखालच्या पुढच्या पंख्यावर किंवा धुळीने भरलेल्या कंडेन्सरवर, म्हणजे रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर घ्या. वारा गार आहे पण जोरच नाही? आत येणारी हवा गाळणारा फिल्टर तुंबला असेल. लांबच्या प्रवासात तासाभराने वारा कमी होतो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा नीट येतो? आतल्या कूलिंग कॉईलवर बर्फ धरतोय. सगळीकडे, सगळ्या वेगांत कोमटच असेल, तर गॅस किंवा तो दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरकडे वळा.

आता फिल्टर. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्स मोकळा केला की झाकण दिसतं. कसा बसवलाय, बाण कुठल्या दिशेला आहे, याचा फोटो काढून मगच ओढा. झाडाखाली गाडी लावत असाल तर पानांचा चुरा निघेल, कधी उंदराने केलेलं घरटंही. काळा पडलेला फिल्टर झटकून परत घालू नका. नवा पुण्यात नाना पेठेत सहज मिळतो.

मग कंडेन्सरची जाळी. आपल्याकडे मेट्रो आणि उड्डाणपुलांच्या कामांची धूळ तिच्यात घट्ट बसते, आणि आतली उष्णता बाहेर टाकणं तिला जमत नाही. इंजिन बंद आणि थंड असताना बागेच्या नळीने, हलक्या धारेने, समोरून सरळ पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळ धरला की पातळ पत्रे वाकतात.

मग गाडी मोकळ्या जागेत सुरू करून एसी लावा, बॉनेट उघडा. हात, ओढणी, सैल बाही दूर ठेवा, पंखा अचानक फिरतो. थोड्या वेळात तो सुरू झाला नाही, तर फ्यूज आणि रिले तपासून घ्या. कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणारा क्लच लागताना ‘टक’ असा आवाज येतो. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, तिथे या आवाजाची वाट पाहू नका.

नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर गळती बहुधा तिथेच आहे, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं. सांधा स्वतः उघडू नका. आत मोठा दाब असतो, आणि उडालेला गॅस त्वचा, डोळे गोठवतो.

गॅरेजमध्ये मात्र तीन गोष्टी हट्टाने मागा: नायट्रोजनचा दाब देऊन किंवा नळ्यांत रंग घालून गळती शोधणं, अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढणं), आणि वजन करून गॅस. किती ग्रॅम लागतो ते बॉनेटखालच्या लेबलवर लिहिलेलं असतं. गॅस कोणता हेही तिथेच असतं: आर-१३४ए की नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. जास्त गॅस भरला तरीही गारवा कमीच होतो, म्हणून ‘अंदाजे टाकतो’ म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा.

भरलेले ग्रॅम बिलावर लिहून घ्या. पुढच्या वर्षी गॅस काढून मोजला, की किती गळला ते लगेच कळेल.