नदीकाठच्या गावात घर बांधताय? आधी नळ, संडासची टाकी आणि कचऱ्याचं बघा

पुण्या-मुंबईची नोकरी सोडून किंवा रिटायर होऊन गावाकडं परत येणारी माणसं आमच्या भागात बरीच वाढल्यात, वाळवा पलूस मिरज तिन्ही तालुक्यात बघा, आणि प्रत्येकाच्या हातात घराचा प्लॅन असतोय. हॉल किती बाय किती, ओट्याला कुठला ग्रॅनाइट, सगळं ठरलेलं. पण पाणी कुठनं येणार आणि घाण कुठं जाणार असं विचारलं की "ते गवंडी बघंल की" हे उत्तर. गवंडी नाही बघत. त्याला भिंत ओळंब्यात उभी करायची असती, त्याचं काम ते. हे आपलं आपल्यालाच बघावं लागतंय, आम्ही २०१७ ला परत येऊन घर बांधलं तेव्हा बघितलं नाही आणि पुढची तीन वर्षं तेच निस्तरत बसलो, म्हणून हे सगळं लिहितोय.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा मग बाकीचं आपोआप कळतंय. कृष्णा महाबळेश्वरातनं निघती, वाई, माहुली, कराड करत आपल्याकडं येती, भिलवडी, औदुंबर, सांगली आणि हरिपूरला वारणा मिळून पुढं. काठावरच्या बहुतेक गावांचं जॅकवेल (नळाचं पाणी उपसायची विहीर) नदीत आणि त्याच गावाचा ओढाबी नदीतच. म्हणजे वरच्या गावानं जे सोडलं ते खालच्या गावाच्या नळाला. आणि आपण कुणाच्या तरी वरच्या अंगाला असतोच.

नळ कनेक्शन

ग्रामपंचायतीत जाताना मोकळ्या हातानं जाऊ नका, हेलपाटे पडतात. घराचा नमुना ८ चा उतारा (घर कुणाच्या नावावर आणि घरपट्टी किती याची ग्रामपंचायतीतली नोंद), घरपट्टी-पाणीपट्टीची चालू वर्षाची पावती, आधारची झेरॉक्स आणि साधा अर्ज. घर वडलांच्या किंवा चुलत्यांच्या नावावर असंल तर त्यांचं संमतीपत्र आधीच लिहून घ्या, नंतर भाऊबंदकीत ते अडकतंय. नमुना ८ चा उतारा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतोय, ठरलेल्या मुदतीत द्यावाच लागतोय, त्यामुळं "उद्या या" ऐकायला लागलं तर नम्रपणे अर्जाची पोच मागायची, पोच मागितली की काम हलतंय. भाऊसाहेबांशी (ग्रामसेवकाशी) भांडू नका, एकेकाकडं दोन-दोन गावं असतात, कुठल्या वारी आपल्या गावात बसतात ते शिपायाला विचारून मग जा. डिपॉझिट प्रत्येक गावाचं वेगळं, पण दहा रुपये दिले तरी पावती घ्यायची.

खरं महत्त्वाचं काम रस्ता उकरताना असतंय आणि नेमकं तेव्हाच घरातलं कोणी तिथं नसतंय. स्वतः उभं राहा. मेन लाइनला सॅडल (पाइपवर आवळायची पट्टी) बसवून जोड घेतात का नुसतं भोक पाडून सुतळी गुंडाळतात हे बघा, पाइप कमीत कमी दोन-अडीच फूट खोल घाला म्हणजे ट्रॅक्टर आणि उसाच्या गाड्यांनी दबणार नाही. आणि पाइप गटारातनं नेऊ नका. गटार ओलांडावंच लागलं तर तेवढ्या टप्प्यात जोड नको, सलग पाइप आणि त्याच्यावर मोठ्या पाइपचं कव्हर.

आमच्याकडं काय झालं ते सांगतो. सकाळी साडेसहाला पाणी यायचं आणि पहिली बादली जरा काळपट, वास मारणारी, दुसरी स्वच्छ. आई म्हणायची लाइन जुनी आहे, पहिली बादली झाडाला घाल. वर्षभर तेच केलं. मग धाकट्याला जुलाब लागून ॲडमिट करायची वेळ आली तेव्हा उकरून बघितलं, आमच्या पाइपचा एल्बो (वळणाचा जोड) बरोबर गटाराच्या तळात होता आणि त्याला केसाएवढी चीर. नळाला पाणी असतंय तोवर चिरेतनं पाणी बाहेर जातंय, पण पाणी बंद झालं की पाइपात ओढ तयार होती आणि तीच चीर गटाराचं पाणी आत घेती. पहिली बादली म्हणजे रात्रभर आत साठलेलं गटार होतं. शंभर रुपयाचा जोड.

त्यामुळंच थेट लाइनला मोटर लावू नका हो. तुमच्या मोटरनं नुसतं शेजारच्या वहिनींचं पाणी ओढत नाही, गल्लीतल्या प्रत्येक चिरेतली घाण लाइनमध्ये ओढून घेतंय. जमिनीत हौद करा, नळाचं पाणी हौदात पडूद्या आणि हौदातनं वर मोटरनं चढवा. आणि मीटर बसवायची गोष्ट निघाली की ग्रामसभेत लगेच विरोध करू नका, कराडशेजारच्या मलकापूरनं मीटर लावूनच चोवीस तास पाणी करून दाखवलंय. लाइनमध्ये कायम प्रेशर असलं की बाहेरची घाण आत यायला जागाच राहत नाही.

पाण्यात क्लोरीन आहे का हे घरी बघता येतंय. गावात जलसुरक्षक असतोय, त्याच्याकडं ओटी टेस्टची बाटली असती, पाण्यात थेंब टाकले की पिवळं होतंय, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. टाकीजवळच्या नळाला नको, गल्लीच्या शेवटच्या घरात करायला सांगा, तिथं लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी राहिलं पाहिजे. आणि ग्रामपंचायतीला पाण्याचं कार्ड कुठलं मिळालंय विचारा, लाल (धोका जास्त), पिवळं (मध्यम) का हिरवं (कमी), हे आरोग्य खात्याकडनं पाहणी करून मिळतंय आणि विचारायचा आपला हक्क आहे. स्वतःच्या हौदाला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायची झाली तर हजार लिटरला ५ ग्रॅम, साधारण एक चहाचा चमचा, पण पावडर तशीच ओतू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसूद्या, वरचं निवळ पाणी तेवढं हौदात सोडा आणि अर्धा तास थांबून मग वापरा. पावडरची पिशवी उघडी राहिली की तिचा जोर जातोय, डब्यात घट्ट बंद ठेवा.

संडासची टाकी

इथं सगळ्यात जास्त फसवणूक होती आणि ती कुणी मुद्दाम करतंय असंबी नाही, पद्धतच तशी पडल्या. बऱ्याच घरात ज्याला सेप्टिक टँक म्हणतात तो नुसता तळ मोकळा ठेवलेला खड्डा असतोय. गवंडी कौतुकानं सांगतोय "वीस वर्षं उपसायला लागणार नाही". का लागणार नाही? कारण सगळं खाली झिरपून शेजारच्या आडात आणि बोअरमध्ये गेलेलं असतंय. पावसाळ्यात काठाला पाणी किती वर येतंय तुम्हाला माहितीच आहे, हातभर खणलं की ओल. त्यामुळं मळीला, नदीच्या अगदी बाजूला घर असंल तर तळाला काँक्रीट आणि आतनं प्लास्टर केलेली बंद टाकीच पाहिजे. दोन शोषखड्ड्यांचा संडास स्वस्त आणि चांगला आहे, एक भरला की दुसरा चालू करायचा आणि वर्षा-दीड वर्षानं पहिल्यातलं खत होतंय, पण तो उंचावरच्या, मुरमाड जागेला. विहीर-बोअरपासनं ५० फूट तरी लांब.

पाच माणसांच्या घराला आतनं दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर एवढी टाकी पुरती. लोक दहा बाय दहाचा हौद बांधतात, गरज नाही. मोठी बांधायचीच असली तर दोन कप्पे करा, पहिला दुसऱ्याच्या दुप्पट. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाइपांना टी (T आकाराचा जोड) लावायचा, त्याचं खालचं टोक पाण्यात बुडलेलं पाहिजे आणि बाहेरचा पाइप आतल्यापेक्षा दोन बोटं खाली. हा टी म्हणजे सगळ्या टाकीचा जीव. वर साय धरल्यासारखा थर येतोय, खाली गाळ बसतोय आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी तेवढं टी मधनं बाहेर शोषखड्ड्यात जातंय. आमच्या गवंड्यानं बाहेरच्या पाइपला टी बसवलाच नव्हता, मग वरचा थर सरळ शोषखड्ड्यात जाऊन दोन पावसाळ्यात खड्डा बुजला आणि मागच्या दारात फेस. स्लॅब टाकायच्या आधी बॅटरी मारून स्वतः आत बघा, फोटो काढून ठेवा.

टाकी जिन्याखाली किंवा बेडरूमखाली घेऊ नका, उपसायची गाडी जवळ आली पाहिजे. व्हेंट पाइप (टाकीतला गॅस जायचा) छताच्या वर न्या आणि तोंडाला नायलॉनची जाळी बांधा, गावातले बरेच डास तिथनंच निघतात, आशाताई हेच सांगून दमल्या. आत ॲसिड, फिनेल बदाबदा ओतू नका, टाकीत जंतूच काम करत असतात, तेच मरतात. पॅड, डायपर, मुलांचे ओले वाइप्स संडासात टाकायचे नाहीत.

दोन-तीन वर्षांनी उपसायची, भरून वर यायची वाट बघायची नाही. व्हॅक्यूमची गाडी बोलवा. माणूस आत उतरवायचा नाही, कुणी किती म्हणू दे "मी उतरतो मालक, नेहमीचंच आहे" तरी नाही, २०१३ चा कायदाच आहे त्याविरुद्ध आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आतला गॅस. सडक्या अंड्यासारखा वास येणारा गॅस जास्त झाला की नाकच बधिर करतोय, वास येत नाही म्हणजे गॅस नाही असं अजिबात नसतंय, आणि एकाला काढायला दुसरा उतरतोय आणि दोघंबी जातात. गाडीवाल्याला पैसे देण्याआधी एकच विचारायचं, दादा ओतणार कुठं? ओढ्यात म्हणाला तर दुसरी गाडी बघा, नगरपालिकेच्या प्रक्रिया केंद्रावर नेणारे असतात, दोन-चारशे जास्त घेतील.

मोरीचं आणि भांड्याचं पाणी या टाकीत घेऊ नका, ते वेगळं. आपली काळी जमीन पाणी पीत नाही, त्यामुळं शोषखड्डा काळ्या मातीतच संपवला तर लवकर तुंबतोय, मुरूम लागंपर्यंत खणा. साधारण चार फूट लांब, रुंद, खोल, खाली मोठे दगड, वर बारीक, आणि आधी एक छोटं चेंबर करून त्यात जाळी, म्हणजे तेल-खरकटं तिथंच अडकतंय. चेंबर आठवड्याला साफ करायचं. परड्यात जागा असली तर त्याहून सोपं, केळी, कर्दळ आणि अळू लावा आणि पाणी तिकडं वळवा. आमच्या तीन केळी वर्षभर मोरीच्या पाण्यावर आहेत.

कचरा

ओला कचरा गावात कचराच नसतोय खरं म्हणजे. म्हशीला जाईल ते म्हशीला, बाकीचं उकिरड्यात, आणि उसाचं पाचट पेटवण्यापेक्षा त्याचा एक थर, ओल्या कचऱ्याचा एक, वर शेणकाला असं करत गेलं की तीन-चार महिन्यात खत. पंचाईत प्लास्टिकची. गावात ट्रॅक्टर किंवा घंटागाडी येत असंल तर सुकं वेगळं द्या, येत नसंल तर एका पोत्यात साठवून भंगारवाल्याला. संध्याकाळी दारात पेटवायची सवय मोडा, तो धूर पहिला आपल्याच पाळण्यापर्यंत येतोय. पॅड-डायपर कागदात गुंडाळून वेगळे. तणनाशकाच्या बाटल्या तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, बाटलीला भोक पाडा, पण त्या कॅनमध्ये पाणी भरून रानात प्यायला नेऊ नका, हे मी अजून बघतोय आणि पोटात गोळा येतोय.

छोट्या गावाला जमत नाही हे खरं नाही, कराड २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात लाखाच्या आतल्या शहरात देशात पहिलं आलंय, आपल्याच नदीकाठचं गाव. आणि पैसा नाही म्हटलं तर ग्रामसभेत विचारा, १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता, तो कशावर गेला. वर्षाला चार ग्रामसभा व्हायलाच पाहिजेत, लेखी प्रश्न द्या म्हणजे प्रोसिडिंगला येतोय.

पुराआधी आणि नंतर

सांगलीच्या आयर्विन पुलाला ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. आपल्या गावात कितीला कुठं येतंय हे जुन्या माणसांना विचारा, तात्या-आबांना पायरी पायरी पाठ असती. टाकीच्या बाहेरच्या पाइपला नॉन रिटर्न व्हॉल्व (पाणी उलटं येऊ न देणारा) बसवा, नाहीतर पुराचं पाणी संडासातनं घरात वर येतंय. निघताना संडासचं भांडं वाळूच्या पोत्यानं दाबून जा.

परत आल्यावर टाकी लगेच उपसायची घाई नको. जमीन पाण्यानं भरलेली असताना रिकामी टाकी उचलून येती किंवा भिंत आत दबती, प्लास्टिकची तर हमखास. आजूबाजूचं पाणी खाली जाऊद्या. हौद मात्र पूर्ण रिकामा करून गाळ काढा, ब्लीचिंगच्या पाण्यानं भिंती घासा, दोनदा धुवा. नळाचं पहिलं पाणी सोडून द्या आणि काही आठवडे प्यायचं पाणी उकळूनच घ्या, आरोग्य केंद्रातनं मेडिक्लोरच्या (प्यायच्या पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या) बाटल्या मिळतात त्या घ्या. चिखलात अनवाणी फिरू नका, पायाला जखम असंल तर लेप्टोचा (उंदराच्या मुतातनं पसरणारा ताप) धोका असतोय, ताप आला की थेट सरकारी दवाखाना.

२०१९ ला पाणी उतरल्यावर आमच्या अंगणात गुडघाभर गाळ होता आणि टाकीचं झाकण कुठं, चेंबर कुठं, नळाचा कॉक कुठं, काहीच सापडेना. दोन दिवस पहार मारत फिरलो. शेवटी आईला आठवलं, तुळशी वृंदावनापासनं अकरा पावलं. म्हणून फरशी बसवायच्या आधीच एक कागद घ्या, पाइप कुठनं गेला, टाकी, झाकणं, कॉक, सगळ्यांची मापं घराच्या कोपऱ्यापासनं टेपनं घेऊन लिहा, खाली पाणी सोडणाऱ्याचा आणि गाडीवाल्याचा नंबर. आमचा कागद लॅमिनेट करून जिन्याच्या भिंतीवर लावलाय, पुराच्या खुणेच्या दोन फूट वर.