प्रोस्टेट काढल्यानंतर जांघेतल्या हर्नियाकडे लक्ष कसे ठेवावे

कर्करोगामुळे प्रोस्टेट ग्रंथी काढून टाकल्यावर रुग्णाचे आणि घरच्यांचे सगळे लक्ष पीएसएच्या (प्रोस्टेटशी संबंधित रक्ततपासणीच्या) आकड्याकडे आणि लघवीवरच्या ताब्याकडे लागते, जांघेकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक ओटीपोटावर छेद घेऊन ही शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांपैकी साधारण 10 ते 20 टक्क्यांना पुढे जांघेत हर्निया, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतडे किंवा चरबी बाहेर येऊन होणारा फुगवटा, झाल्याचे आढळले आहे, आणि तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत दिसू लागतो. रोबोच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियेत हे प्रमाण कमी असले तरी धोका उरतोच. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून प्रोस्टेटचा वाढलेला भाग खरवडला असेल, तर पोटावर छेद नसल्याने ही गोष्ट तशी लागू होत नाही.

सर्वांत उपयोगी पाऊल शस्त्रक्रियेच्या आधीचे आहे. अनेकांच्या जांघेत लहानसा हर्निया आधीपासूनच असतो आणि तो जाणवत नाही. म्हणून सर्जनना जांघ तपासण्याची विनंती करावी, पूर्वी हर्नियाचे ऑपरेशन झाले असल्यास ते आवर्जून सांगावे, आणि हर्निया सापडल्यास त्याच भूलीत दुरुस्ती होईल का, हे विचारावे. वय जास्त आणि अंगाने सडपातळ असलेल्यांनी अधिक सावध राहावे.

घरी परतल्यावर महिन्यातून एकदा आरशासमोर उभे राहून दोन्ही जांघा पाहाव्यात. बोटे जांघेवर ठेवून खोकावे. खोकताना बोटांना धक्का जाणवला, किंवा उभे राहिल्यावर दिसणारा फुगवटा आडवे झाल्यावर आत गेला, तर हर्नियाची शक्यता मोठी आहे. उजव्या बाजूला तो अधिक आढळतो. टाक्यांची ओढ असेल म्हणून महिनोन्‌महिने थांबू नये. जांघेतली प्रत्येक गाठ हर्नियाच असते असेही नाही. लसिकाद्रव (लिम्फ) साठल्यानेही सूज येते, त्यामुळे निदान डॉक्टरांवर सोडावे. तपासणी उभे राहून करून घ्यावी आणि सोनोग्राफी सांगितल्यास ती करताना कुंथून पोटात जोर देण्याविषयी विचारावे, कारण झोपलेल्या स्थितीत छोटा हर्निया निसटतो.

पहिले सहा आठवडे जड उचलू नये. आपल्या कोल्हापुरात हे सांगायला सोपे आणि पाळायला अवघड आहे, कारण हंगामात उसाच्या मोळ्या, गुऱ्हाळावर गुळाचे रवे आणि घरी वैरणीचे भारे माणसाची वाट पाहत असतात. पण रंकाळ्याच्या काठाने सपाट चालणे चालेल, जोतिबाच्या पायऱ्या मात्र सर्जनना विचारूनच चढाव्यात. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये आणि खोकला अंगावर काढू नये. लघवीची धार बारीक होऊन कुंथावे लागत असेल, तर मूत्राशय आणि मूत्रमार्ग यांच्या जोडाशी मार्ग अरुंद झालेला असू शकतो. त्यावर उपचार न केल्यास प्रत्येक वेळी जांघेवर ताण येत राहतो.

त्रास नसलेला हर्निया डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही काळ तसाच ठेवता येतो. पट्टा बांधल्याने मात्र तो बरा होत नाही. त्रास असल्यास जाळी बसवून दुरुस्ती करतात. प्रोस्टेट काढताना पोटाच्या आतल्या बाजूस व्रणाचे चिकटलेले थर तयार झालेले असतात, म्हणून अशा रुग्णांत समोरून, जांघेवर छेद घेऊन केलेली दुरुस्ती सहसा पसंत करतात, आणि ती कमरेखालच्या किंवा स्थानिक भुलीतही होते. सर्जनला आधीच्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे दाखवावीत व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी सांगावे. त्या स्वतःहून बंद करू नयेत.

फुगवटा आत जाईनासा झाला, कडक व दुखरा झाला, त्यावर लाली आली, उलट्या सुरू झाल्या किंवा वायू सरणे थांबले, तर आतडे अडकल्याची शंका धरावी. फुगवटा जोराने दाबू नये, काही खाऊ-पिऊ नये आणि रात्र असली तरी सीपीआर (कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात तातडीने जावे.