रोल धुण्याआधी: रील, टँक आणि कोरडे हात

आधी रील (फिल्म गुंडाळायचं खाचांचं चाक) ठरवा, टँक (रील ठेवून रसायनं ओतायचा, उजेड न शिरणारा डबा) त्याच्यामागून येईल. कॅमेऱ्याचा कृष्णधवल रोल घरी पहिल्यांदाच धुणार असाल तर प्लॅस्टिकचं रील घ्या, पॅटरसन कंपनीच्यासारखं. दोन्ही बाजू आलटूनपालटून फिरवल्या की फिल्म आपोआप आत सरकते, आणि तेच रील रुंद करून १२० ची, म्हणजे ३५ मिमीपेक्षा रुंद, फिल्मही बसते. मला स्वतःला स्टीलचं जास्त आवडतं. ते जरासं ओलं असलं तरी चालतं आणि डेव्हलपरही (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) कमी लागतो: ३५ मिमीच्या एका रोलला साधारण २५० मिली, पॅटरसनला २९०. पण स्टीलचं रील मधून बाहेर भरत यावं लागतं, फिल्मला बोटांनी किंचित बाक देऊन, आणि एक वेढा चुकला की दोन थर एकमेकांना चिकटतात. तिथे डेव्हलपर पोचत नाही, तेवढे फोटो गेले ते गेलेच. जुनं स्टीलचं रील मिळत असेल तर फरशीवर आडवं ठेवून बघा. पडून वाकलेलं असेल तर फुकटातही नको.

टँक दोन रीलचा बरा. प्लॅस्टिकच्या टँकमधला मधला पोकळ दांडा विसरू नका. प्रकाश अडतो तो दांडा आणि झाकण मिळून. दांडा बाहेर राहिला तर टँक बंद दिसतो, पण फिल्म जळते.

मग एक रोल सरावासाठी वाया घालवा. ३६ फोटोंची फिल्म दीड मीटरहून थोडी लांब असते. आधी उजेडात भरा, मग डोळे मिटून, मग चेंजिंग बॅगमध्ये (बाह्या असलेली, उजेड न शिरणारी पिशवी) हात घालून. फिल्मचं टोक कडेच्या दोन छिद्रांमधल्या जागेतून सरळ कापायचं आणि दोन्ही कोपरे जरासे गोल करायचे. हे दोन मिनिटांचं काम टाळलं की फिल्म हमखास अडकते.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ओल. इंदूरला मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की रील भरताना काही जाणवतच नाही. जुलैत मात्र चित्र पालटतं. मागच्या पावसाळ्यात रामबागेतल्या आमच्या घरी, बॅगेत हात घालून दहा मिनिटं झाली आणि तळव्यांना घाम सुटला. विसाव्या फोटोच्या आसपास फिल्म थांबली. मी जोर केला. रीलमधल्या छोट्या गोळ्यांचा कट्-कट् आवाज येत राहिला, फिल्म जागची हलेना, आणि कडेला चंद्रकोरीसारख्या घड्या पडल्या. त्या निगेटिव्हवर अजून दिसतात. आता तसं झालं की मी रील, फिल्म, दांडा सगळं टँकमध्ये ठेवते, झाकण लावते, हात बाहेर काढून पुसते, पंख्याखाली पाच मिनिटं बसते आणि मग पुन्हा सुरू करते. टँक बंद आहे तोवर फिल्मला कसलीच घाई नसते.

बॅगेत काय काय जायचं ते हाताने मोजा: रोल, बोथट टोकाची कात्री, रोलची डबी उघडायचा ओपनर, रील, दांडा, टँक, झाकण. घड्याळ काढून ठेवा. कोठीच्या खोलीत भरणार असाल तर आधी पाच मिनिटं अंधारात उभं राहून दाराखाली बघा, फट दिसली तर चादर लावा. वीज गेली असेल तर दिव्याचं बटण बंद आहे ना ते तपासा, आणि घरातल्यांना सांगून ठेवा, नाहीतर आई चहा घेऊन दार उघडणारच.

पाण्याचं थोडक्यात: डेव्हलपर २० अंशांवर हवा. उन्हाळ्यात नळाचं पाणी फार तापलेलं येतं, तेव्हा परातीत माठाचं पाणी आणि बर्फाचे खडे घालून बाटल्या त्यात उभ्या करा.

शेवटी फिल्म वेटिंग एजंटमध्ये (वाळताना पाण्याचे डाग पडू नयेत म्हणूनचं द्रावण) बुडवण्याआधी रीलवरून काढून घ्या. तो साबणासारखा थर खाचांत बसला की पुढचा रोल अडकतो. रील जुन्या टूथब्रशने घासा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात ठेवू नका.