इलेक्ट्रॉनिक्स प्लांटला जॉइन होताय? आधी लाइन कुठली ते विचारा

ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) डिप्लोमावाल्यांना सध्या तमिळनाडूतलं श्रीपेरुंबुदूर, होसूर, तिकडे नोएडा, आपलं रांजणगाव, सगळीकडून कॉल येतायत. २०२४-२५ मध्ये नुसत्या स्मार्टफोनची निर्यात २ लाख कोटींच्या वर गेली, त्यामुळे जागा खऱ्या आहेत, घाबरू नका. पण आपल्याकडे अजून जोडणीच जास्त चालते, चिप आणि डिस्प्ले बहुतेक बाहेरूनच येतात, म्हणून भरतीही फायनल असेंब्ली नि पॅकिंगलाच जास्त होते.

मी तिथेच अडकलो. इंटरव्ह्यूत 'प्रॉडक्शन ट्रेनी' एवढंच सांगितलं आणि लाइनवर हातात टॉर्क स्क्रूड्रायव्हर दिला. अख्खी शिफ्ट तेच स्क्रू, तीच जागा. पुढच्या कंपनीत रिफ्लो प्रोफाइल (सोल्डरिंगच्या ओव्हनमध्ये तापमान कसं चढतं-उतरतं ते) विचारलं, स्टेन्सिल (बोर्डवर सोल्डर पेस्ट छापायचा भोकांचा पत्रा) विचारलं, काय सांगणार? म्हणून कळकळीने सांगतो, एसएमटी (मशीनने बोर्डवर बारीक पार्ट बसवायची लाइन), टेस्टिंग का असेंब्ली हे आधीच विचारा, पेरोल कंपनीचं का कॉन्ट्रॅक्टरचं ते विचारा, आणि अप्रेंटिस म्हणून घेत असतील तर करार सरकारी पोर्टलवर नोंदवलाय का ते स्वतः बघा, नुसत्या ट्रेनीला ते सर्टिफिकेट मिळत नाही. 'नंतर रोटेशन देतो' हे लेखी नसेल तर धरूच नका.

आधीच असेंब्लीला असाल तरी सगळं संपलं नाही. एसएमटीच्या मेंटेनन्सवाल्या जुन्या टेक्निशियनशी ओळख वाढवा, माझ्या मते दोन दिवसांच्या महागड्या कोर्सपेक्षा तो माणूस शंभरपट बरा. फ्रीजमधली सोल्डर पेस्ट (पार्ट बोर्डला जोडायचा सोल्डरचा लगदा) तो लगेच उघडत नाही, रूम टेंपरेचरला येईपर्यंत डबा बंदच ठेवतो, नाहीतर गार पेस्टवर हवेतलं पाणी धरतं आणि ओव्हनमध्ये सोल्डरचे बारीक गोळे उडतात. लेड-फ्री, म्हणजे शिसं नसलेली, नेहमीची पेस्ट २१७ डिग्रीच्या आसपास वितळते. बारीक रेझिस्टर एका टोकावर उभा दिसला की बोर्डवरच्या दोन्ही पॅडवरची (पार्टची टोकं जिथे जोडतात त्या जागांवरची) पेस्ट एकाच वेळी वितळली नाही हे तो बघूनच सांगतो. हे सगळं वहीत लिहा, इंटरव्ह्यूत हेच विचारतात.

२०२५ मध्ये केंद्राने सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटींची योजना मंजूर केलीय. पीसीबी (पार्ट बसवायचे सर्किट बोर्ड), कॅमेरा मॉड्यूल इथे जास्त बनायला लागले की प्रोसेस कळणारी माणसं लागणारच, तोवर हात चालू ठेवा. आणि हो, परराज्यात जात असाल तर हॉस्टेल नि बसचे पैसे पगारातून कापतात का तेही जॉइन व्हायच्या आधीच विचारून घ्या.