आयर्लंडची ग्रुप टूर: जोडप्याने जाताना या चुका टाळा

आयर्लंडच्या ग्रुप टूरमधील सर्वांत महागात पडणारी चूक घरी बसूनच होते आणि ती व्हिसाची असते. आयर्लंड युरोपीय संघात असले तरी शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे पॅरिस-रोमसाठी काढलेला व्हिसा डब्लिनच्या विमानतळावर चालत नाही. त्यातून कार्यक्रमात बेलफास्ट किंवा जायंट्स कॉजवे हा दगडी खांबांचा समुद्रकिनारा असेल, तर तो भाग उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये येतो. सीमेवर चौकी नाही. पाट्यांवरील किलोमीटरचे मैल आणि दुकानातील युरोचे पौंड झाले, की देश बदलल्याचे कळते. चौकी नाही म्हणून परवानगी लागत नाही, असे मात्र नाही. भारतीय नागरिकांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. आयरिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ ही अक्षरे असतील, तर त्याच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येते. अट एवढीच, की ज्या देशाने व्हिसा दिला त्याच देशात आधी उतरावे लागते. ती अक्षरे नसतील, तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो आणि आयर्लंडचा व्हिसाही मल्टिपल एन्ट्रीचा असावा लागतो, कारण कॉजवे पाहून डब्लिनला परतणे हा नवा प्रवेश धरला जातो.

पासपोर्ट हाती आल्यावर दोघांचेही व्हिसे स्वतंत्रपणे वाचावेत. आमच्या गटातील एका गृहस्थांचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा होता आणि पत्नीचा सिंगल, आणि हे त्यांच्या ध्यानात आले ते डब्लिनच्या हॉटेलात. अशा वेळी ‘कोण बघतंय’ म्हणून बसमध्ये बसू नये, कारण सीमेलगत बस थांबवून कधीकधी कागद तपासले जातात. त्या दोघांनी टूर मॅनेजरला सांगून तो दिवस डब्लिनमध्ये काढला आणि लोकल गाडीने होथला जाऊन बंदरातील सील पाहिले. कॉजवेचे सुमारे ४०,००० बेसाल्टचे खांब हुकले खरे, पण तशाच घडणीचा गिल्बर्ट हिल अंधेरीत उभा आहे, अशी त्यांची समजूत आम्ही नंतर काढली.

दुसरी चूक छत्रीची आहे. पश्चिम किनाऱ्यावर वर्षातील सव्वादोनशेच्या आसपास दिवस पाऊस पडतो. कोकणाच्या मानाने तो थोडाच असतो, परंतु तो वरून पडण्यापेक्षा बाजूने येतो. मोहरच्या कड्यांवर आमची पुण्याची छत्री पार्किंगपासून शंभर पावलांवरच उलटी झाली आणि तिच्या काड्या सावरण्यात आम्ही समुद्राकडे पाहिलेच नाही. डोक्यावर टोपी असलेले जलरोधक जाकीट, वरून चढवायची पँट आणि घट्ट तळव्याचे बूट एवढे तिथे पुरते. कड्यांची उंची २१४ मीटरपर्यंत जाते, त्यामुळे ओल्या दिवशी फोटोसाठी कुंपणापलीकडे पाय टाकू नये. धुके असले, तर लगेच बसमध्ये जाऊन बसण्याऐवजी दिलेला वेळ तिथेच काढावा, कारण वारा असेल तर पडदा अचानक सरकू शकतो. बूट भिजलेच, तर रात्री आतील तळवे काढून वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवावेत आणि झोपण्यापूर्वी एकदा बदलावेत. हीटरला चिकटवून ठेवू नयेत.

रिंग ऑफ केरी ही किनाऱ्याकाठची वर्तुळाकार सफर १७९ किलोमीटरची आहे हे वाचून, म्हणजे पुणे-मुंबईपेक्षा थोडी अधिक, असा हिशेब आपण करतो, पण तिला पूर्ण दिवस लागतो. रस्ता अरुंद व वळणांचा असल्याने मोठ्या बसेस किलार्नीहून निघून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फेरी मारतात. त्यामुळे समुद्र उजव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूच्या बाकांकडे राहतो. पुष्कळ टूरमध्ये बसमधील जागा रोज बदलतात. तसे असेल तर त्या दिवशी कोणती जागा येते हे आदल्या रात्रीच विचारून घ्यावे, आणि डावी बाजू आली तर वादावादी न करता पती-पत्नींनी खिडकी अर्धा-अर्धा दिवस वाटून घ्यावी. ज्यांना बस लागते त्यांनी पुढची जागा मागावी व गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी. वेळेच्या बाबतीत मात्र सबब चालत नाही. साडेचार तासांच्या गाडी चालवण्यानंतर ड्रायव्हरला ४५ मिनिटांची विश्रांती कायद्याने घ्यावीच लागते, म्हणून दुकानात कोणी उशीर केला तर तो वेळ पुढील ठिकाणातून कापला जातो.

दोघांनी सगळे बरोबरच केले पाहिजे, ही समजूतही त्रासदायक ठरते. ब्लार्नीच्या किल्ल्याचा चक्राकार जिना एकाच्या गुडघ्यांना झेपत नसेल, तर त्याने खाली बागेत फिरावे. मात्र तेव्हा पैसे, फोन आणि छापील कार्यक्रम एकाच्याच पिशवीत असू नयेत. आमच्याकडे रोमिंग माझ्या फोनवर आणि युरो पत्नीच्या पर्समध्ये होते, त्यामुळे ती खाली थांबली तेव्हा तिला फोन करता येईना आणि मला चहा घेता येईना.

प्लग ब्रिटनसारखा तीन चौकोनी पिनांचा असतो. अडॅप्टर प्रत्येकी एक न्यावा.

शाकाहारी मंडळींनी न्याहारीच्या वेळी ‘पुडिंग’ या शब्दाला भुलू नये. ते गोड नसते. ब्लॅक पुडिंग डुकराच्या रक्ताचे असते आणि व्हाइट पुडिंगमध्ये रक्त नसले तरी डुकराचे मांस व चरबी असते. ताटात ते निरुपद्रवी पांढऱ्या टिकीसारखे दिसते, हीच अडचण आहे. भाज्यांच्या सूपमध्ये चिकनचा स्टॉक आहे का, हेही विचारावे. जेवणाच्या वेळेचा अंदाज तर हमखास चुकतो, कारण जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि गावातील पबचे स्वयंपाकघर पुष्कळदा नऊच्या आत बंद झालेले असते. तसे झाल्यास हॉटेलच्या रिसेप्शनवर जवळचा पेट्रोल पंप विचारावा. तेथील दुकानात सँडविच, फळे आणि चहा मिळण्याची शक्यता असते.