साथीत बौद्धिक दिव्यांग मोठ्या माणसाचा दिवस कसा सावरावा

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे माझ्या दादाची, बौद्धिक दिव्यांगांना काम देणारी कार्यशाळा बंद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो नेहमीसारखा डबा घेऊन, चपला घालून दारात उभा. वय ३८. कागदी पिशव्या करतो, दिवाळीत पणत्या रंगवतो, महिन्याच्या पाकिटातून आईला गजरा आणतो. त्याला विषाणूचं काही पडलं नव्हतं. गाडी का येत नाही, एवढंच विचारायचं होतं.

पुढच्या दोन वर्षांत चुकतमाकत जे शिकलो ते क्रमाने लिहिते. हे डिस्लेक्सियासारख्या, वाचायला-लिहायला अडचण येणाऱ्या अध्ययन अक्षमतेबद्दल नाही. ज्यांना पूर्वी सर्रास ‘मतिमंद’ म्हणत, त्या आता मोठ्या झालेल्या माणसांबद्दल आहे.

१. ठाऊक नसलेली तारीख सांगू नका. आम्ही दादाला म्हटलं, १४ एप्रिलला सगळं उघडेल. तो रोज दिनदर्शिकेवर फुली मारायचा. १४ तारखेला दाढी करून बसला. मग ३ मे, १७ मे, ३१ मे. तिसऱ्या खेपेला त्याने दिनदर्शिकाच फाडली, आणि चूक आमची होती. त्यानंतर एकच वाक्य ठरवलं: ‘कार्यशाळा बंद आहे. उघडायची ठरली की मी सांगेन.’ घरातल्या सगळ्यांनी तेच, त्याच शब्दांत सांगायचं. बागुलबुवा दाखवून घरात बसवू नका. ती भीती साथ गेल्यावरही जात नाही.

२. काम घरी आणा, आणि पैसे द्या. सगळ्यात जास्त फरक याने पडला. सुरुवातीला आम्ही त्याला चित्रं रंगवायला दिली. त्याने वही सरकवून दिली. बरोबरच होतं, तो बालवाडीत नव्हता. मग वर्तमानपत्रं आणि खळ घेऊन रोज दहा ते एक पिशव्या करायला बसवलं. जागा तीच, खुर्ची तीच. डबा भरायचा आणि एक वाजता घरातच उघडायचा. पिशव्या खालच्या किराणावाल्याने घेतल्या. शनिवारी पाकिटात पैसे, पाकिटावर त्याचं नाव. कागद नसेल तर लसूण सोलणं, धान्य निवडणं, धुतलेले कपडे घडी करणं चालेल, पण ते घराला खरंच लागणारं काम हवं. उगाच गुंतवून ठेवायला दिलेलं काम त्यांना लगेच कळतं.

मित्रांसाठी व्हिडिओ कॉल करताना पंधरा चेहरे एकदम नकोत. एकच मित्र, ठरलेली वेळ. दादा आणि त्याचा मित्र बोलत फारसे नाहीत. एकमेकांना आपला चहा दाखवतात. तेवढं पुरतं.

३. मास्कची सवय साथीची वाट न पाहता लावा. आधी हातात, मग गालाला, मग नाकावर दहा आकडे मोजेपर्यंत, मग वीस. कानामागची दोरी सहन होत नसेल तर टोपीला दोन बटणं शिवून दोरी त्यांत अडकवा. स्वॅबची तालीमही अशीच: आरशासमोर, आधी स्वतःच्या नाकपुडीच्या कडेला कापूसकाडी टेकवून दाखवा, आत घालू नका. तरीही जमत नसेल तर प्रयोगशाळेला आधी फोन करून गर्दी नसलेली वेळ मागून घ्या.

४. तो ‘दुखतंय’ म्हणेल याची वाट पाहू नका. जेवण टाकणं, आवडती जागा सोडणं, डोक्यावर हात मारणं, दिवसा झोपणं हे सगळं ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून सोडलं जातं, दवाखान्यातसुद्धा. आधी ताप बघा, मग रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर बोटाला लावा. बोट हलत असेल तर आकडा चुकतो, तेव्हा हात धरून मिनिटभर थांबा. ९४ च्या खाली दिसलं तर डॉक्टरांना फोन. डाउन सिंड्रोम (जन्मतः एक गुणसूत्र जास्त असणं) असेल तर आणखी आधी करा.

ही काळजी वाजवीपेक्षा जास्त नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने नोव्हेंबर २०२० मध्ये पहिल्या लाटेचा हिशेब मांडला. त्यात १८ ते ३४ वयोगटातल्या बौद्धिक दिव्यांगांचा कोविड मृत्यूदर त्याच वयाच्या इतरांच्या तीसपट निघाला.

कोविड कक्षात नातेवाइकाला आत सोडत नसत. म्हणून एक पान लिहून ठेवा: हाक कोणत्या नावाने मारायची, ‘हो’ आणि ‘नको’ कसं सांगतो, दुखलं की काय करतो, कशाने शांत होतो, कोणती गोळी कशी गिळतो. दादाच्या पानावर पहिली ओळ आहे: ‘पाठीमागून हात लावू नका.’ सोबत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), आधार आणि औषधांच्या चिठ्ठीची प्रत. सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, दाराजवळ.

५. लशीत अग्रक्रम मागा. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या लोकांना सहव्याधी असल्यास लस मिळू लागली. त्या वीस व्याधींच्या यादीत बौद्धिक दिव्यांगत्व होतं. अनेक घरांना हे कळलंच नाही. पुढच्या वेळी यादी निघाली की स्वतः वाचा.

६. आपण आजारी पडलो तर कोण? दोन नावं लिहून ठेवा, आणि त्या दोघांना आधीच येऊन एक रात्र राहायला सांगा. अनोळखी माणसाच्या हातचं जेवण आणीबाणीत पहिल्यांदा नको. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. सवडीच्या दिवसांत करून टाका.

कोणी गेलं तर ‘गावाला गेले’ म्हणू नका. काका गेले तेव्हा आम्ही तसं म्हटलं, आणि दादा कित्येक महिने एसटी स्टँडवर जायचं म्हणत राहिला. शेवटी फोटोला हार घालताना सांगितलं: ‘काका वारले. आता येणार नाहीत.’ तो रडला. स्टँडचं नाव पुन्हा काढलं नाही.

७. उघडल्यावर घाई नको. पहिल्या दिवशी नुसतं गेटपर्यंत जाऊन या, मग तासभर, मग डब्यापर्यंत. कुणी मिठी मारेल, कुणी अंग चोरेल. दोन्ही चालू द्या. दादा अजून गाडीत मास्क लावतो. काढ म्हणून आम्ही सांगत नाही.