कथेवर हात कसा बसवायचा

कथा सुचत नाही ही तक्रार निदान कोकणात राहून तरी करू नये. पण सुरुवातीला कथा लिहूच नका. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो तिथे, नाहीतर एसटी स्टँडच्या बाकावर तासभर थांबा आणि घरी येऊन कानावर पडलेलं बोलणं आठवेल तसं वहीत उतरवा. मोबाईलवर रेकॉर्डिंग नको. लोकांना ते आवडत नाही आणि तुमचे कानही आळशी होतात.

मग एक प्रसंग निवडा. पात्राला काय हवंय ते एका ओळीत लिहून ठेवा, आणि प्रसंगात मात्र ते त्याला बोलू देऊ नका. खरी मेहनत इथेच आहे. समजा, गणपतीला आलेल्या चाकरमान्याला सामाईक घरातला आपला हिस्सा विकायचाय.

‘भावजी, कधी इलास?’

‘सकाळच्या गाडयेन. वयनी, पडवीची कौलां कोणी परतल्यान?’

‘आमीच. मुंबयसून कोण येतलो?’

हिश्श्याचं नावही निघालं नाही, तरी कुरबुर ऐकू येते. इथे ‘तो मनातून चरफडला’ असं लिहायचा मोह होईल. आवरा.

आता तोच प्रसंग वहिनीच्या बाजूने लिहा. त्याला महामार्गालगतची जागा दिसते, तिला गळकी पडवी.

बोली जपून वापरा. वेंगुर्ल्याचं पात्र दापोलीसारखं बोललं तर तिथला वाचक तिथेच वाचणं सोडेल.

पहिल्या खर्ड्यातले माड, लाटा आणि सूर्यास्त बेलाशक खोडा. त्याऐवजी माणसांच्या व्यवहारातून जागा दाखवा. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि वाण्याकडची उधारी वाढत चाललेली. वाणी दारात येऊन नुसता ‘पाऊस काय म्हणतोय?’ एवढंच विचारतो. पावसाच्या वर्णनाच्या चार ओळी लिहायच्या वाचल्या की नाही?

खर्डा आठवडाभर बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. जीभ अडखळते तिथे खूण करा. पहिला परिच्छेद उडवून बघा. पुष्कळदा कथा दुसऱ्यापासूनच सुरू झालेली असते. घरच्यांना वाचायला देऊ नका, ते कथेत स्वतःलाच शोधत बसतात. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, आणि तालुक्याच्या गावीही वाचनालयं आहेत. तिथला एखादा चोखंदळ वाचक गाठा आणि कंटाळा नेमका कुठे आला, एवढंच विचारा. दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर हे सगळं पावसाळ्याआधी उरका, कारण बरेच अंक जुलै-ऑगस्टमध्येच साहित्य घेणं थांबवतात.